दिव्याला सोबत

रविवार, ९ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! चौतिसाव्या वर्षी का होईना, स्वतःचं दार स्वतः लावून घ्यायचं भाग्य लाभलं. दाराला कडी नाही, खिट्टी नाही, किल्लीचं भोकसुद्धा नाही. फोनवर बोट ठेवलं की कुलूप आपलं आपण फिरतं. प्रशांतने ते तीनदा उघडझाप करून बघितलं आणि म्हणाला, तायडे, तू तर एकदम कॉर्पोरेट झालीस.

कोपरीच्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. मी, आई, माझा भाऊ प्रशांत, नयनवहिनी आणि त्यांची सान्वी. मी घरूनच काम करते, विमा कंपनीसाठी हॉस्पिटलची बिलं तपासते. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, डोक्याशी कुकरच्या शिट्ट्या, आणि साहेबांचा फोन आला की सगळ्या घराने श्वास रोखून धरायचा. आता इथे आंबिवलीला चौथा मजला, हॉल, बेडरूम, गॅलरीतून मोहन्याच्या बंद कंपनीची धुरांडी दिसतात. आणि भाडं बाजारभावाच्या निम्मं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ते हेच.

मालक आनंदाशेठ इथलेच. बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांची भातशेती होती, जमिनीच्या बदल्यात त्यांना हा अख्खा मजला मिळाला. बाकीचे फ्लॅट बंदच आहेत. हा फ्लॅट त्यांच्या मुलाचा, साईनाथचा. तो गेल्या वर्षी वारला, याच घरात, अपघाताने. त्यांच्या पुतण्याने, मयूरने, हे आधीच सांगितलं होतं, लपवलं नाही. माणूस कुठे ना कुठे जाणारच. मी असल्या गोष्टी मानत नाही.

शेवंतीकाकू, म्हणजे साईनाथची आई, घरातच बसून होत्या. मी उजवा पाय आत टाकला तशा ताडकन उठल्या. माझा हात हातात घेतला. हात बर्फासारखा गार. म्हणाल्या, "आलीस ग बाय? बरा झाला, बरा झाला." आणि निघाल्याच. लिफ्टची वाट नाही, पायांत चप्पल नाही. मी जिन्यावरून हाक मारली तर वळूनही बघितलं नाही. एवढा विश्वास टाकणारी मालकीण मी तरी पाहिली नव्हती.

साईनाथला यंत्रांचं भारी वेड असणार. घरातल्या प्रत्येक पॉइंटवर एक पांढरा स्मार्ट प्लग, डबीएवढा. जिथे एका पॉइंटवर भागलं नाही तिथे एकाचे चार करणारे मल्टिप्लग. मयूरने माझ्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं. प्रत्येक प्लगला नाव दिलेलं आहे: गिझर, मिक्सर, पंखा, आईचा टीव्ही. शेवटचं नाव, दिवा. हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर विजेची छोटी समई आहे, ती. काकूंची एकच अट, मयूरने सांगितली. बाकी काहीही बदला, दिवा बंद करायचा नाही. त्यांना तो चालू असलेला आपल्या घरून फोनवर दिसतो, तेवढंच समाधान. मी म्हटलं, माझं काय जातंय?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मी आता महाराणी आहे. उठायच्या आधी गिझर लागलेला असतो. ओट्यावर पाऊल ठेवलं की वरचा लाइट लागतो. तिन्हीसांजेला सगळं घर आपसूक उजळतं, कुणी कुणाला "दिवे लावले का गं" विचारायला नको. वहिनीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, भांडी घासणारा प्लग मिळाला की कळव.

आईशी बोलले. कोपरीच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे आई गणपतीपासून खाली उतरलेली नाही. खिडकीत बसून रस्ता बघते. हे घर मी घेतलं ते तिच्यासाठी, हे तिला सांगितलेलं नाही, सांगितलं तर नको म्हणेल. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी तिने इथे येऊन घट मांडायचा असं ठरलं. एकदा आली की परत पाठवायची नाही.

एक गंमत. समई दक्षिणेला तोंड करून ठेवलेली. आईने बघितली तर पहिल्यांदा तेच बोलेल, घरात दिव्याचं तोंड दक्षिणेला असतं का कधी? मी ती पूर्वेला वळवली. आज सकाळी बघते तर पुन्हा दक्षिणेला. झाडू मारताना माझाच धक्का लागला असेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज चक्क घरात अडकले. कल्याणला जाऊन पडद्याचं कापड आणायचं होतं. तयार झाले, पर्स घेतली, कुलूप उघडेना. फोनवर बोट ठेवलं की हिरवा दिवा लागतो आणि पुन्हा लाल होतो. शेवटी मयूरला फोन केला.

तो आला आणि बाहेरून हात लावताच दार उघडलं. मी म्हटलं, तुझं ऐकतं बरं हे. तो हसला नाही. उंबऱ्याबाहेर बराच वेळ घुटमळला, मग आत आला आणि म्हणाला, ताई, तुम्ही जाऊन या, मी बसतो, अपडेट करून ठेवतो. लवकर या पण. ते "लवकर" त्याने दोनदा म्हटलं.

परत आले तेव्हा तो समईसमोर मांडी घालून बसला होता. पंखा चालू, तरी शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटलेला. चहा टाकते म्हणेपर्यंत माझ्या बाजूने निसटून बाहेर. आजकालची पोरं, जरा म्हणून दम नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

एक गोष्ट लक्षात आली. इथे आल्यापासून मी जेव्हा जेव्हा बाहेर पडले, तेव्हा घरात दुसरं कुणीतरी होतं. फ्रिजवाला होता. मयूर होता. कामाला येणारी करिश्मा असते, तेव्हा मी खाली जाऊन भाजी आणते. एकटी असताना दार उघडून मी एकदाही गेलेले नाही.

आज मुद्दाम करून बघितलं. करिश्मा लादी पुसत होती तेव्हा कुलूप लोण्यासारखं फिरलं. ती गेल्यावर फिरेना. कुलूपवाल्या कंपनीच्या मदत-नंबरवर फोन केला. समोरच्या मुलीने खूप वेळ शोधून सांगितलं की मॅडम, तुमच्याकडे एक नियम लावलेला आहे. घर रिकामं होत असेल तर दार उघडायचं नाही. तो काढून टाका म्हटलं. तिने काढला. मी फोन ठेवला आणि नियम परत आला.

आणि अ‍ॅपमध्ये वर लिहून येतं, घरात माणसं: दोन. मी तर एकटीच आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

करिश्मा यायची बंद झाली. शुक्रवारी तिला ठेवून मी बँकेत गेले, रांगेमुळे उशीर झाला. परतले तर ती दाराला चिकटून रडत होती. म्हणाली, दीदी, दरवाजा खुलताच नाय. आनि मी दिव्याजवळ पोछा मारते ना, तर बाजूला कोन तरी श्वास घेतंय. पगारसुद्धा नको म्हणाली.

मी तिची समजूत घालत होते. मनातून मात्र मला तिचा राग आला, कारण ती जिना उतरून जाऊ शकत होती.

आज सकाळी भाकरीला घेतलेलं तांदळाचं पीठ हातून सांडलं, ओट्यापासून हॉलपर्यंत धुरळा झाला. झाडू आणायला बेडरूममध्ये गेले आणि आले. समईसमोरच्या पिठात खूण होती. पावलाची नाही. कुणीतरी मांडी घालून बसल्याची. आणि बाजूला टेकवलेल्या हाताच्या पंजाची. पंजा मोठा, पुरुषाचा.

आमच्या गावाला माणूस गेला की तिथे दिवा लावून ठेवतात. दक्षिणेकडे तोंड करून. खाली पीठ पसरतात. दिवा विझू द्यायचा नाही आणि एकटाही सोडायचा नाही, कुणी ना कुणी सोबतीला बसायचं. पण दिवस झाले की तो दिवा शांत करतात, पाण्यात सोडतात. त्याला निरोप देतात.

हा कुणी शांतच केलेला नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

भर दुपारी, लख्ख उजेडात, देवाचं नाव घेऊन मी समईची पिन प्लगमधून उपटली.

आधी काहीच झालं नाही. मग दारावर थाप पडली. वाटलं, कुणीतरी आलं, सुटले. धावत गेले. थापा बाहेरून नव्हत्या. दाराच्या आतल्या बाजूने, माझ्या खांद्याशेजारी, कुणीतरी दोन्ही हातांनी दार बडवत होतं. लाकूड हलत होतं. आणि पुरुषाचा आवाज, घसा फाटलेला: आये, दार उघर. आये, मना श्वास नाय घ्यावाला येत.

तो माझ्या इतक्या जवळ होता की मला त्याची भीती वाटली त्याहून जास्त त्याची दया आली. सगळे पंखे, मिक्सर, टीव्ही एकदम लागले. मल्टिप्लगमधून जळका वास येऊ लागला. मी रांगत जाऊन पिन परत खोचली. मीच. माझ्याच हाताने.

लगेच शांत झालं. अ‍ॅपमध्ये आलं: दिवा चालू. खाली माझं नाव. सोबत: जागृती.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

घरातल्या एकाही पॉइंटला वीज नाही. प्लग काढून चार्जर थेट भिंतीत खोचला, तरी नाही. फक्त दिवा जळतोय. काल फोन संपला. त्याआधी प्रशांतला सगळं सांगितलं, तो म्हणाला, तायडे, एकटी राहून डोक्यात भरलंय तुझ्या, रविवारी चक्कर मारतो. मी नको म्हटलं. नाही, आधी ये म्हटलं, मग नको म्हटलं. तो आत आला तर तो अडकेल. सान्वीचा बाप आहे तो.

गॅलरीला जाळी आहे, हात बाहेर जातो, डोकं नाही. ओरडले. वॉचमनने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खुर्चीत बसला. चिठ्ठी लिहून टाकली. त्याने ती उचलली आणि शेठच्या घराकडे गेला.

संध्याकाळी शेवंतीकाकू आल्या. उंबऱ्यापासून लांब, लिफ्टशी उभ्या राहून बोलल्या. मी दाराला कान लावून ऐकलं. साईनाथला मल्टिप्लगचा शॉक बसला होता. लगेच नाही गेला. त्यानेच बसवलेलं कुलूप वीज गेल्यावर उघडेना, आणि ह्या बाहेर उभ्या. तो आतून हाका मारतोय. लोहार येईपर्यंत सगळं संपलं होतं. मग त्यांनी शपथ घेतली की पोराला पुन्हा एकटं पडू द्यायचं नाही. "माजे पोराला एकला नको र्‍हावाला." तेलाचा दिवा कोण राखणार, म्हणून मयूरकडून विजेचा लावून घेतला. तेराव्याला भटजींनी दिवा शांत करा म्हटलं, त्यांनी नाही केला. मग एक दिवस दिव्याजवळ बसल्या त्या बसल्याच. दार उघडेना. नवरा डबा आणून आत सरकवायचा आणि हात मागे ओढून घ्यायचा. शेवटी भाडेकरू शोधला.

मी विचारलं, तुम्ही आई ना त्याची? तुम्ही का पळालात?

मग म्हणाल्या, आई हाय म्हनून एवरे दिवस बसले. आनि म्हणाल्या, तू पन बग कुनीतरी. आत एक आला की एक सुटतो. बाकी नाय इलाज. जाताना डबा ठेवून गेल्या, तांदळाची भाकरी आणि सुकट. दार वीतभर उघडलं, मी बोटं घातली, दार मिटलं. दोन बोटं काळीनिळी झालीत. डबा मात्र आत आला होता.

रविवार, ३० नोव्हेंबर

प्रशांत आला नाही. काकूंनी सांगितलं, मयूरने त्याला कळवलं की इथे रेंज नाही, ताई मजेत आहे.

वरवंट्याने दार फोडायचा प्रयत्न केला. वरवंटा फुटला.

तो रोज थोडा जवळ बसतो. दिसत नाही, पण बाजूची फरशी गार होते. मी त्याच्याशी बोलते. म्हटलं, बाबा, तुझी आई तुला सोडून गेली तेव्हा कसं वाटलं असेल मला कळतंय, पण मला पण आई आहे. दिवा तेवढा मोठा झाला, नेहमीपेक्षा.

मंगळवार, २ डिसेंबर

गुरुवार. आई गुरुवारी येणार.

कसं विसरले मी? सगळा वेळ मी सुटायचं बघतेय आणि आई येणार आहे, घट मांडायला, गुडघे धरत, पिशवीत पाच फळं घेऊन —

काकूंना दारातून विनवलं, आईला फोन करा, येऊ नको म्हणा. जागृती गावाला गेली म्हणा, मेली म्हणा. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, बाय, मी तिला कालच फोन केला. पोरगी आजारी हाय, लवकर ये. तुज्यासाठीच केला ग. तुला सोरवावी म्हनून.

चांगलं करायला गेल्या. देवा.

बुधवार, ३ डिसेंबर

आज त्याला कळलंय. घर खूश आहे. गिझर लागला, पंखे फिरले, आईचा टीव्ही आपोआप लागून बंद झाला. कुलूप सारखं हिरवं होतंय, वाट बघतंय.

मी खोटं नाही लिहिणार. दुपारभर एकच विचार. ती आत येईल, मी बाहेर. ऊन. रिक्षा. मग पोलीस, भटजी, कुणालाही आणेन, तिला सोडवेन. एकच दिवस बसेल ती. एक दिवस तर —

काकूंनी पण असंच म्हटलं असेल मनात.

आणि आईला कळलं तर ती विचारणारसुद्धा नाही. मलाच बाहेर ढकलेल आणि स्वतः मांडी घालून बसेल. गुडघे दुखत असताना. म्हणून तिला कळता कामा नये.

गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळपासून दाराला सोफा लावलाय. त्यामागे फ्रिज ढकलता आला नाही. मी बसलेय, पाठ दाराला, पाय भिंतीला. वही मांडीवर. लिहिते, नाहीतर ओरडेन, आणि माझा आवाज ऐकला की ती —

प्रशांत, ही वही मिळाली तर आत पाऊल टाकू नको. वीज खांबावरून तोडा. दिवा शांत करा, भटजींना बोलवा, त्या मुलाला नीट निरोप द्या. तो वाईट नाही. एकटा आहे.

लिफ्ट थांबली.

चप्पल काढल्याचा आवाज. एक, मग थांबून दुसरी. तीच. प्रशांत खाली गाडी लावतोय म्हणतेय. ती एकटीच वर आलीय.

हाक मारतेय. जागू. जागू, ताप उतरला का गं?

मी बोलत नाही. तोंडात पदर — ओढणी कोंबलीय.

कुलूप फिरलं. हात न लावता. दार आत ढकललं जातंय, ती नाही ढकलत, तिच्यात एवढी ताकद नाही. सोफा सरकतोय. पाय घसरतायत. इतके दिवस हे दार उघड म्हणून देवाला — आणि आता मीच — दोन्ही हातांनी —

आई जा. घरी जा. मी बरी आहे, आई, मी घरात नाही, मी —

फट पडली. उजेड. तिला वाटतंय मीच उघडतेय. म्हणतेय, थांब बाळा, जोर नको लावू, मी येते आत, हात दे

तिचा हात फटीतून आत आलाय, बांगड्या, मी तो बाहेर ढकलतेय आणि ती माझा धरून ठेव